संगणकाचे टेबल कोणासाठी?



घरातील एका टेबलाची मांडणी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती आमच्याही मनात होती. परंतु ज्या टेबलापाशी आपण रोज चार-सहा तास बसतो, ज्याच्यापाशी मुले अभ्यास करतात, वडील माणसे बँकेचे व्यवहार आणि परगावच्या नातवंडांशी बोलणे करतात, त्या टेबलाकडे आपण एकदाही नीट पाहिलेले नसते, हे लक्षात आल्यावर शंका मावळली. २०२० सालच्या टाळेबंदीत कचेरी, शाळा आणि बँक या तिघांनी घरोघरच्या टेबलावर बिऱ्हाड केले. टाळेबंदी उठली, पण ही बिऱ्हाडे पुरती हललेली नाहीत. तरीही मांडणीचा विचार असा होतच नाही. दुकानातून वस्तू येते, जवळ जिथे प्लग असेल तिथे ती बसते, आणि माणूस तिच्याभोवती स्वतःला वाकवून घेतो.

आमच्या घरीही हेच झाले होते. खिडकीसमोर एक अडीच फूट उंचीचे टेबल, त्यावर संगणक, पाठीमागे तारांचे जंजाळ, आणि खाली पाय ठेवावयास जागा नाही. आमची आई पंचाहत्तरी ओलांडलेली, उंचीने चार फूट दहा इंच. नातीकडून मराठी टाइप करावयास शिकून तिने आपल्या माहेरच्या आठवणी लिहावयास घेतल्या होत्या. रोज दुपारी ती तासभर बसे. पुढे ती वीस मिनिटांत उठू लागली, आणि काही दिवसांनी बसेनाशीच झाली. विचारले तर, "माझं वय झालं आता, हे तुम्हां लोकांचं काम," एवढेच म्हणे. आम्ही ते खरे मानले. त्यानंतर एके दिवशी टेबलाखालच्या तारेत आमचाच पाय अडकला, कडेला लोंबणारी डिस्क फरशीवर आपटली, आणि आईच्या लिखाणाची चाळीसएक पाने तिच्याबरोबर गेली. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

टेबल नव्याने मांडण्याचे आम्ही ठरविले ते त्या दिवशी. त्यातून जे शिकलो त्याचे सार असे, की मांडणीस माणसापासून आरंभ करावा, यंत्रांची पाळी नंतर आणावी. आणि टेबल अनेकांचे असेल तर ज्याला ते सर्वांत गैरसोयीचे आहे त्याच्यापासून आरंभ करावा. आजच्या विवेचनाचा क्रमही तोच ठेवला आहे.

जुनाच प्रश्न

लिहिणाऱ्याच्या सोयीचा विचार नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. बोरू कसे आणावेत येथपासून अक्षराच्या आकारापर्यंत सर्व तपशील त्यात आहे. तरुणपणचे फार बारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून मध्यम अक्षर लिहावे, असा व्यवहारी सल्लाही त्यात आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १७१३ साली तो वाढविला. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्यांनी सांगितली : सतत बैठक, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. बोरूच्या जागी कीबोर्ड आला एवढेच. कारणे तिन्ही कायम आहेत. पुढे १८५७ साली पोलंडचे वोयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी काम आणि नियम या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून या शास्त्रास 'अर्गोनॉमिक्स' हे नाव दिले. काम माणसाच्या मापाने बेतावे, हा आज या शास्त्राचा गाभा मानला जातो. कपडे शिवताना आपण हेच करतो. टेबल घेताना मात्र ते विसरतो.

पहिले माप : कोपर

माप घ्यावयास फक्त शिंप्याची टेप लागते. खुर्चीवर पाठ टेकून बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, खांदे सैल सोडावेत आणि कोपरे अंगालगत ठेवून काटकोनात वाकवावीत. मग दुसऱ्या कोणी जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजावी. कीबोर्डच्या कळा सुमारे त्याच उंचीवर असाव्यात. त्या वर असल्या की खांदे उचलावे लागतात, आणि उचललेला खांदा तासभर धरून ठेवणे म्हणजे भरलेली पिशवी हातात घेऊन तासभर उभे राहण्यासारखे आहे.

आमचे माप ६७ सेंटिमीटर भरले, आईचे ५७. टेबलाचा पृष्ठभाग होता ७५ सेंटिमीटरवर. बाजारातील टेबले साधारण याच उंचीची असतात, कारण ती हाताने लिहिण्याच्या हिशेबाने आणि बऱ्यापैकी उंच माणसाच्या मापाने केलेली असतात. म्हणजे आई रोज दुपारी आपल्या कोपरापेक्षा १८ सेंटिमीटर, सुमारे सात इंच, उंचीवर हात धरून लिहीत होती. तिचे वय झाले होते हे खरे. परंतु तिला उठविले ते वयाने नव्हे, त्या सात इंचांनी.

प्रथम आम्ही खुर्चीवर दोन उशा रचल्या. हात नीट झाले, पण पाय लोंबकळू लागले. पाय अधांतरी राहिले की खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात. पायांखाली देवघरातला जुना चौरंग द्यावा असे सुचविले, तर आईने ते ऐकूनही घेतले नाही, आणि ते योग्यच होते. शेवटी सुताराकडून टेबलाखाली कीबोर्डसाठी सरकती फळी बसवून घेतली. त्यामुळे कळा ६५ सेंटिमीटरवर आल्या. ही उंची आम्हांस चालते, आणि आईसाठी आता फक्त आठ सेंटिमीटरचा फरक उरला. तेवढ्यासाठी बैठकीवर एक घट्ट गादी आणि पायांखाली तेवढ्याच उंचीची लाकडी फळी पुरते. कमरेच्या खोलगट भागामागे एक लहान लोड ठेवला. गादी, लोड आणि फळी या तिन्ही वस्तू टेबलाशेजारीच राहतात. दुसरा कोणी बसला की तो त्या बाजूस करतो.

मनगट आणि माउस

कीबोर्डच्या मागील बाजूस दोन लहान पाय असतात. ते उघडले की कीबोर्ड पुढे उतरता होतो, आणि बहुतेक जण ते उघडूनच ठेवतात. आम्हीही ठेवीत असू. त्यामुळे मनगट वरच्या दिशेस वाकते. मनगटात हाडांच्या व एका पट्ट्याच्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकविणाऱ्या दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकले की त्या बोगद्यातील दाब वाढतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना रात्री झिणझिण्या येऊ लागल्या तर वेळीच डॉक्टरांना दाखवावे. आम्ही ते पाय मिटविले, आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ आले.

माउस कीबोर्डच्या अगदी शेजारी आणि त्याच पातळीवर हवा. आमचा माउस वर टेबलावर, हात लांब करून धरावा लागेल असा होता. तो खाली फळीवर घेतला. मराठी लिहिणारांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची रचना १९९१ साली भारतीय मानक ठरली. तीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मराठी शब्दांत व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येत असल्यामुळे दोन्ही हातांस काम वाटून मिळते. आईने एका बोटाने आरंभ केला होता. कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्यावर ती दोन्ही हात वापरू लागली.

डोळे आणि पडदा

मनुष्याच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. ते मानेच्या मणक्यांवर तोललेले असते तोवर भार जाणवत नाही. पुढे झुकले की मानेच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालता येते, पण तीच हात लांब करून धरली तर चार पावलेही जात नाहीत. म्हणून पडदा साधारण हातभर अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित खाली असावी. सहज पाहिले असता आपली नजर थोडी खालीच उतरते.

या नियमास एक अपवाद आहे. दोन भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांना जवळचे पाहण्यासाठी भिंगाच्या खालच्या भागातून पाहावे लागते. पडदा उंच असला की ते हनुवटी वर करून पाहतात आणि मान मागे दुमडते. आईचा चष्मा तसाच. तिच्यासाठी पडदा आणखी खाली हवा. आम्ही मॉनिटरखाली दोन जाड ठोकळे ठेवले आहेत. आई बसते तेव्हा ते काढून घेतो. समर्थांचा मध्यम अक्षराचा सल्लाही येथे उपयोगी पडला. पडद्यावरील अक्षर मोठे केल्याबरोबर आईचे पुढे झुकणे आपोआप थांबले. ज्या गोष्टीस पैसा लागत नाही, सुतारही लागत नाही, ती आम्हांस सर्वांत शेवटी सुचावी याचे नवल वाटते.

लॅपटॉपविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बिजागरीवर मिटणारा लॅपटॉप बिल मॉग्रिज यांनी आखला. 'ग्रिड कंपास' या नावाने तो १९८२ साली बाजारात आला. बाहेर फिरताना वापरण्यास ती रचना सोयीची, पण तीत पडदा आणि कळा एकमेकांस बांधलेल्या आहेत. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर कळा छातीशी येतात. कळा कोपराशी आणाव्यात तर मान खाली जाते. घरी रोज तासन् तास तो वापरणाऱ्याने त्याखाली पुस्तके ठेवून पडदा उंच करावा, आणि कीबोर्ड व माउस वेगळे जोडावेत. या दोन वस्तूंची किंमत फार नसते.

उजेडाचेही गणित आहे. खिडकी समोर असली की डोळे दिपतात. पाठीमागे असली की तिचे प्रतिबिंब पडद्यात पडते. म्हणून खिडकी बाजूस येईल असे टेबल फिरवावे. आमचे टेबल काटकोनात फिरविण्यास दहा मिनिटे लागली. ते चुकीचे उभे होते मात्र सहा वर्षे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी वेळा लवतात आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट अंतरावर पाहावे, असा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. आपल्या लहान घरांत वीस फुटांचे अंतर कोठून आणावयाचे? म्हणूनच खिडकी बाजूस हवी. गल्लीपलीकडचा गुलमोहर पुरेसा दूर असतो.

वीज आणि तारा

येथवर शरीराचा विचार झाला. आता तारांकडे वळू. त्यांतील गुंता दिसावयास वाईट असतो एवढेच नव्हे, त्यात दोन धोके असतात. एक पाय अडकण्याचा. तो आम्ही अनुभवला. दुसरा तार तापण्याचा.

घरातील वीज २३० व्होल्टची. सहा अँपिअरच्या साध्या प्लगातून फार तर २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट घेता येतात. लॅपटॉप सुमारे ६५ वॅट, मॉनिटर २० ते ३०, इंटरनेटचा राउटर १०. सर्व मिळून शंभराच्या आसपास. म्हणजे संगणकाचा भार थोडाच. धोका येतो तो पाहुण्यांमुळे. टेबलामागच्या एक्स्टेन्शन बोर्डात कोणी इस्त्री लावतो, ती हजार वॅटची. कोणी पाणी तापविण्याची किटली लावतो, ती पंधराशेची. लेझर प्रिंटर तापताना काही शे वॅट घेतो, कधी हजारही ओलांडतो. त्यातच एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचलेला असला आणि उरलेली तार वेटोळे करून टेबलाखाली सारलेली असली, तर तारेतील उष्णता बाहेर पडत नाही. आमच्याकडील बोर्डाची एक बाजू पिवळी पडली होती. ती उन्हाने पिवळी पडली असे आम्ही समजत होतो. टेबलाखाली ऊन येत नाही, हे ध्यानात आले नव्हते.

तेव्हा एक भिंतीतील प्लग, त्यास एकच चांगला बोर्ड, आणि त्यावर केवळ संगणकाची मंडळी, असा नियम करावा. प्लगची तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते, ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. दोन पिनांचा जोड लावून तिला वगळणे म्हणजे घराची कडी काढून ठेवण्यासारखे आहे. धातूच्या लॅपटॉपला हात लागताच बारीक झिणझिण्या येत असतील, तर ती बहुधा अर्थिंग नसल्याची खूण असते. वायरमनला बोलवून तपासून घ्यावे. त्याच वेळी गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात आहे की नाही, हेही विचारावे. यूपीएस असल्यास त्यावर संगणक व राउटर ठेवावेत. लेझर प्रिंटर ठेवू नये, त्याचा भार त्यास पेलत नाही.

मग तारा आवराव्यात. सर्व तारा काढून, पुसून, एकेक परत लावावी. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांस चिकटपट्टी लावून 'राउटर', 'मॉनिटर' असे मराठीत लिहावे. त्या टेबलाच्या मागच्या पायालगत कापडी पट्टीने बांधाव्यात आणि बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या खालच्या अंगास पक्का बसवावा. त्यामुळे केर काढता येतो, पावसाळ्यात फरशी ओली झाली तरी भीती राहत नाही, आणि उंदीर कोठे कुरतडतो आहे तेही दिसते. राउटर मोकळ्यावर व उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटामागे ठेवला तर लहरी अडतात. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढावा. तांब्याची तार बाहेरून आत येत असेल तर तीही काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही.

दुसरी प्रत

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महाग पडला. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटास हजारो फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ती चालू असताना पडली की टोक तबकडीवर घासते. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो, तरी तीही केव्हातरी बिघडतेच. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यावर एक सुटसुटीत नियम रूढ केला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर.

घराबाहेर कशासाठी, हे पुणेकरांस सांगावे लागू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती एकाच वेळी भिजत होत्या. आमच्याकडे आता एक प्रत संगणकात असते, दुसरी दर रविवारी वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवली जाते, तिसरी इंटरनेटवरून दूरच्या साठ्यात जाते. शिवाय दर महिन्यास एखादा कागद त्या प्रतीतून उघडून पाहतो. परत वाचता येत नाही ती प्रत असून नसल्यासारखी.

टेबल कोणाचे?

या सर्वांस आम्हांस दोन रविवार लागले. खर्चात सुतार, वायरमन, एक डिस्क आणि थोडी किरकोळ खरेदी एवढेच आले. नवा संगणक घेतला नाही.

पहिल्या दुपारी आई बसली ती घड्याळ न पाहता पाऊण तास. दुसऱ्या दिवशीही बसली. गेलेली चाळीस पाने ती पुन्हा लिहिते आहे. ती पूर्वीसारखी उतरत नाहीत असे ती म्हणते, आणि ते आम्हांस ऐकून घ्यावे लागते. आजोळच्या विहिरीवरील एका बाईचे नाव पहिल्या लिखाणात होते. ते आता तिला आठवत नाही.

घरातले एखादे माणूस एखाद्या वस्तूपासून मुकाट्याने दूर होते, तेव्हा आपण त्याचे कारण त्या माणसात शोधतो : वय झाले, आवड नाही, जमत नाही. आपणांस आमची विनंती एवढीच, की कारण माणसात शोधण्यापूर्वी वस्तूचे माप घ्यावे. आज घरी गेल्यावर टेप घ्या, घरातील सर्वांत बुटक्या माणसाला त्या खुर्चीवर बसवा, आणि जमिनीपासून त्याच्या कोपरापर्यंत मोजा. मग टेबल मोजा. दोहोंतील अंतर जितके निघेल तितके ते टेबल अजून त्या माणसाचे झालेले नाही.